वावरातलं गोट्यांचं रिंगण : हरवलेल्या संस्कृतीचं, का आपल्याच कोणाचं?

मुरमाड_वावर (तालुका कुही)

राजेहो नमस्कार. पहिल्यांदाच लिहून रायलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं साडेतीन एकर वावर हाये, त्यातलं पाऊण एकर टेकाडावर, सगळा मुरूम, तिथं पऱ्हाटी लावा का तूर लावा, गुडघ्याच्या वर जातच नाही. त्या टेकाडावर गोट्यांचं एक मोठं गोल रिंगण हाये. गोटे म्हणजे साधे नाहीत, एकेक गोटा दोन माणसाइच्यानं हालत नाही असा. अर्धे मातीत गेले, वरून रुई अन् तरोटा माजला हाये. लहानपणी डवरणीच्या वक्ती आम्ही त्याच गोट्यांवर बसून शिदोरी खात होतो. आजी म्हणायची का हे गवळी राजाचं हाये, तिथं पाय पसरून बसू नका. पोळ्याच्या दिवशी ती एका गोट्याले हळदकुंकू लावायची. त्या गोट्यावर छोट्या छोट्या वाट्या कोरल्यासारख्या हायेत, एका लायनीत, माझं अंगठ्याचं पेर बसते एवढ्या. पाणी पडलं का त्या भरून राहतात, चिमण्या येऊन पितात.

आता गोष्ट अशी का बाबा म्हणते यंदा टेकाड सपाट करून टाकू. मुरूमवाला येऊन गेला, तो म्हणते मुरूम मी घेऊन जातो, जेसीबीचे पैसे पण मीच देतो, तुमाले फुकटात सपाट वावर भेटन. बाबाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, मागच्या दोन सालात सोयाबीननं काय दिलं ते सगळ्याइले माहीत हाये.

पण माझ्या आतेभावानं मले एक व्हिडिओ दाखवला, मग एक पाहिला का दुसरा, रात्री दोन दोन वाजेपर्यंत पाहून रायलो. त्यात सांगतात का 12 हजार वर्षांपूर्वी जगात एक खूप पुढारलेली संस्कृती होती, धूमकेतू पडला अन् पूर आला, त्यात ती बुडाली, अन् जे वाचले त्यायनं जगभर फिरून लोकाइले शेती शिकवली, गोट्यांची रिंगणं बांधली. आपलं लोणार म्हणे तेव्हाच्या अणुबॉम्बचा खड्डा हाये. हे पाहिल्यापासून रोज संध्याकाळी मी टेकाडावर जाऊन त्या गोट्याले हात लावून पाहतो. खरं सांगतो, अंगावर काटा येते.

मागं बाबाले वखरताना तिथं खापरं सापडले होते, आतून काळे अन् वरून लाल, अन् गंजलेल्या लोखंडाचा एक चपटा तुकडा. तो अजून गोठ्यात खुंटीवर ठेवला हाये.

तर मले विचारायचं होतं का हे खरंच त्या हरवलेल्या संस्कृतीचं हाये का? का दुसरं काही? अन् कोणाले सांगितलं तर सरकार वावर घेऊन घेते का? गावात सगळे हेच म्हणतात.

---

ज्वारीचं_कणीस (वर्धा)

भाऊ, सर्वात आधी एक काम करा, आजच्या आज बाबांना हात जोडून सांगा की पंधरा दिवस जेसीबी थांबवा. बाकीचं मग बोलू.

मी 31 वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता रिटायर्ड आहे. तुम्ही जे वर्णन केलं ते वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो कारण गोट्यांचं रिंगण, आत मुरूम, काळी-तांबडी खापरं, लोखंड आणि वाट्या कोरलेला दगड हे सगळं एकाच ठिकाणी म्हणजे ते शंभर टक्के महापाषाण काळातलं शिळावर्तुळ आहे असं मला वाटतं. विदर्भात ही वर्तुळं शेकड्यांनी आहेत, त्यातली जास्तीत जास्त नागपूर जिल्ह्यात. काटोल रोडवर जुनापाणीला एकाच ठिकाणी सुमारे 300 वर्तुळं आहेत. तिथं रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं खोदून 1879 मध्ये छापलं आणि त्याला सगळ्यात नवल वाटलं ते याच वाट्यांचं, कारण तसेच खड्डे त्याच्या देशातल्या जुन्या दगडांवर होते.

ही माणसं पुरायची जागा आहे. मधे मयताची हाडं ठेवायची, सोबत भांडी, कुऱ्हाडी, दागिने, वरून काळी माती, मुरूम, गोटे यांचा भराव आणि भोवती मोठ्या दगडांचं रिंगण. काळ म्हणाल तर साधारण अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे 12 हजार नाही. पण तुमच्या आजीच्या आजीच्या आजीच्या अशा शंभर पिढ्या मागं जा, तेवढं जुनं आहे, हे काय थोडं आहे का?

आजीनं "पाय पसरून बसू नका" सांगितलं ना, ते फार मोलाचं आहे. ती जागा कोणाची तरी आहे एवढं गावाच्या लक्षात राहिलं, कोणाची ते विसरलं. गवळी राजाचं नाव नागपूरकडे पुष्कळ ठिकाणी अशा वर्तुळांना चिकटलेलं आहे.

---

शोधयात्री (अकोला)

सरांचा आदर ठेवून बोलतो पण मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते नीट लिहितो.

प्रत्येक वेळी कोणी म्हटलं की माणसाचा इतिहास आपण समजतो त्याच्यापेक्षा जुना आहे की लगेच उत्तर येते नाही नाही हे एवढंच जुनं आहे. गोबेक्ली टेपेचं काय झालं? तुर्कस्तानात क्लाउस श्मिट यांनी 1995 मध्ये खोदायला सुरुवात केली त्याच्याआधी कोणी म्हटलं असतं की साडेअकरा हजार वर्षांपूर्वी माणसानं साडेपाच मीटर उंच दगडी खांब उभे केले, त्यावर कोल्हे, विंचू, गिधाडं कोरली, तर त्याला येड्यात काढलं असतं. पुस्तकात लिहिलं होतं आधी शेती, मग गाव, मग देऊळ. तिथं सगळं उलटं निघालं. मग अजून किती गोष्टी उलट्या निघणार आहेत ते आज कोणाला माहीत?

दुसरं, हिमयुग संपलं तेव्हा समुद्र सुमारे 120 मीटर वर चढला, हे तर शास्त्रज्ञच सांगतात. माणूस नेहमी पाण्याच्या काठानं राहते. म्हणजे तेव्हाची सगळी किनाऱ्यावरची वस्ती आज पाण्याखाली आहे, मग पुरावा भेटत नाही म्हणून काहीच नव्हतं असं कसं म्हणता? द्वारकेला समुद्रात दगडी नांगर सापडलेच ना.

आणि लोणार. मी स्वतः चार वेळा गेलो आहे, काठावर उभं राहिलं की वाटतेच की हे साधं नाही. लोकांच्या तोंडी लवणासुराची कथा आहे, दैत्यसूदनाचं देऊळ आहे, काहीतरी आठवण राहिल्याशिवाय कथा तयार होत नाहीत.

मी कोणाला खोटं ठरवत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की भाऊच्या मनात जो प्रश्न आला तो मारून टाकू नका.

---

खापराचा_तुकडा (नागपूर)

मी पुरातत्त्व शिकते, दोन उत्खननांवर मजुरांसोबत उन्हात बसून ब्रशनं माती काढली आहे, म्हणून थोडं लांब लिहिणार आहे.

शोधयात्री दादा, तुमचा गोबेक्ली टेपेचा मुद्दा मला मान्य आहे, आमच्या वर्गात पण तो शिकवतात आणि तो शिकवताना सरांचा आवाज बदलतो. पण तिथं काय काय सापडलं ते पूर्ण सांगायला पाहिजे. खांब ज्या खाणीतून काढले ती खाण शेजारीच आहे, आणि तिथं एक खांब अर्धवट कोरून तसाच पडलेला आहे. गारगोटीची हत्यारं ढिगानं आहेत. खाऊन टाकलेल्या हरणांची हाडं आहेत. धान्य दळायचे दगड हजारोंनी आहेत. म्हणजे ज्यांनी बांधलं ते कुठून आले, काय जेवले, कशानं कोरलं हे सगळं तिथंच पडलं आहे, आणि ते शिकार करणारे, रानातलं धान्य वेचणारे लोक होते. तुम्ही म्हणता पुस्तक उलटं झालं. हो झालं. पण ते कोणी केलं? खापरं-हाडं मोजणाऱ्या लोकांनीच केलं ना, लपवायचं असतं तर त्यांनी खोदलंच नसतं.

समुद्राचा मुद्दा पण खरा आहे, 120 मीटरचा. किनाऱ्यावरच्या वस्त्या बुडाल्या असतीलच. पण व्हिडिओत सांगतात ती संस्कृती नुसती किनाऱ्यावर बसून राहिली नव्हती, ती जगभर फिरत होती, धातू गाळत होती, शेती करत होती. तर मग शेतकऱ्यांनीच मला सांगा, शेती केल्याची खूण कुठं राहते? बियात राहते. रानातला गहू पिकला की ओंबी आपोआप फुटते आणि दाणे खाली पडतात, त्याला तसंच पडायचं असते. माणसानं पेरा-कापा पेरा-कापा असं शेकडो वर्षं केलं की जी ओंबी फुटत नाही तीच घरी येते आणि तीच पुढच्या साली पेरली जाते, मग हळूहळू न फुटणाराच गहू शिल्लक राहते. आपल्याकडे तीळ अजूनही बोंड तडकून वावरात सांडते म्हणून आपण थोडा हिरवट असतानाच कापून पेंढ्या उभ्या करतो, तसंच समजा. ही न फुटणारी ओंबी जळालेल्या दाण्यांत ओळखू येते. आम्ही चुलीची राख बादलीत पाण्यात घोळतो, कोळसा आणि जळके दाणे वर तरंगतात, ते गाळून सुकवून भिंगाखाली पाहायचे. जगात जिथं जिथं हे केलं तिथं तो बदल हिमयुग संपल्यानंतरच दिसते, हळूहळू, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पिकात. कोणी एकदम येऊन शिकवलं असतं तर तयार बियाणं एकदम दिसलं असतं.

धातूचंही तसंच. रोमन लोकांनी चांदी गाळताना जो शिशाचा धूर झाला तो दोन हजार वर्षांनी ग्रीनलँडच्या बर्फात मोजता आला. इतका दूरचा धूर बर्फानं धरून ठेवला तर 12 हजार वर्षांपूर्वीच्या भट्ट्यांचा पण धरून ठेवला असता.

लोणारबद्दल : 1973 मध्येच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तिथल्या खडकातल्या खनिजाची जोरदार धक्क्यानं काच झाली आहे, मॅस्केलिनाइट म्हणतात, तसा दाब फक्त उल्का आदळल्यावरच निसर्गात तयार होते. वय आधी 50 हजार वर्षांच्या आसपास धरत, नंतर आर्गॉनच्या पद्धतीनं मोजलं ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं आलं. तेव्हा आपल्यासारखा माणूसच जगात नव्हता. तिथं अणुबॉम्ब धरायची गरजच राहत नाही, कारण उल्का आदळल्याचे पुरावे तिथं हातात धरता येतात. कथांचं म्हणाल तर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद गोल खड्डा, तळाशी खारं पाणी, आणि काठाला गोड्या पाण्याची धार, हे पाहून माणूस कथा सांगणारच, आठवण असायची गरज नाही.

आता भाऊ तुमच्या वावराकडे येते. तुमचं रिंगण हरवलेल्या संस्कृतीचं आहे का, तर हो म्हणते मी. ती माणसं हरवलीच होती, आपण विसरलो होतो त्यांना. फक्त ती बाहेरून आली नव्हती. नागपूरजवळ माहुरझरीला 1970 च्या आसपास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी वर्तुळं उघडली तेव्हा आत घोड्याची हाडं आणि घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने निघाले. तांब्याचा पत्रा, ठोकून ठोकून पातळ केलेला. जुनापाणीलाही घोड्याच्या जातीच्या जनावराचा सांगाडा मिळाला. कोणीतरी आपला घोडा सजवून मयतासोबत दिला. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, बाकदार विटांची, भात्याची नळी आणि लोखंडाची मळी सकट, सुमारे 2700 वर्षांपूर्वीची. तुमच्या गोठ्यातल्या खुंटीवरचा तुकडा अशाच कोणत्या तरी भट्टीतून आला असू शकते. तो धुऊ नका, पॉलिश करू नका, तेल लावू नका, कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. आणि कुठून निघाला ती जागा बाबांना आठवत असेपर्यंत लिहून घ्या. जागा माहीत नसली की वस्तू मुकी होते.

तुमचा तालुका तर सोन्याचा आहे. अडमला मातीचा कोट आणि खंदक असलेलं जुनं शहर निघालं, तिथं अश्मक जनपदाचं, म्हणजे जुन्या काळच्या एका राज्याचं, नाव असलेली मुद्रा सापडली. मांढळला वाकाटकांचे ताम्रपट मिळाले. तुम्ही रोज त्याच रस्त्यानं बाजाराला जात असाल.

---

कोळशी_पाणी (झरी जामणी, यवतमाळ)

एक अनुभव सांगतो फक्त. आमच्या इकडं शिबला भागात काही वर्षांआधी रस्त्याचं काम चालू होतं, खोदता खोदता दगडी खांब निघाले, षटकोनी, एकाले एक चिटकून, जसे कोणी साच्यात ओतले. मी बाईकनं पाहाले गेलो होतो. आम्ही सगळे म्हणालो का हे देवळाचे खांब हायेत, कोणी म्हणे पांडवाचं हाये, कोणी म्हणे राक्षसाचं. मीबी मानत होतो, खोटं कायले बोलू. मग भूगर्भवाल्यांनी सांगितलं का तो ज्वालामुखीचा खडक हाये, लाव्हा हळूहळू थंड झाला का आकसते अन् उभ्या भेगा पडते, जसं तलाव आटल्यावर गाळाले पडते तशा, पण खोलपर्यंत, म्हणून खांब. मुंबईच्या अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून आख्खी टेकडी तशीच उभी हाये.

मले तेव्हा पहिल्यांदा थोडं वाईट वाटलं, देऊळ नाही म्हणून. मग घरी येऊन विचार केला का 6 कोटी वर्षांपूर्वी ह्या जागेवर, जिथं आज माझी तूर उभी हाये, तिथं आग वाहत होती. देवळापेक्षा ते मोठं हाये बाप्पा.

शोधयात्री भाऊ, म्हणून म्हणतो, आपल्या डोळ्याले "बांधलेलं" वाटते ते नेहमी बांधलेलं नसते. अन् ह्या मुरमाड भाऊचं रिंगण मात्र बांधलेलंच हाये. दोन्हीतला फरक माणसानं खाली बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

---

इंद्रावती_काठ (भामरागड, गडचिरोली)

मी इथं आरोग्याच्या कामावर आहे, घर माडिया आहे. ऊर्जा, एलियन, मोठे गोटे माणसाच्यानं उचलत नाहीत वगैरे जे असल्या व्हिडिओत बोलतात त्याच्यावर बोलायचं आहे.

आमच्याकडे कोणी मोठा माणूस गेला की त्याच्या नावानं गोटा उभा करतात. अजूनही करतात. माझ्या आजोबाचा मी पाहिला. गोटा रानात आधीच पाहून ठेवलेला असतो. मग गावातली माणसं, सोयरे, सगळे येतात, लाकडं कापतात, वेलाचे दोर करतात, गोटा लाकडावर बांधून खांद्यावर घेतात, थोडं चालले की खाली, परत दुसरे खांदे लागतात. गाणं म्हणतात, दारू असते, रडणंही असतं. माझ्या काकाचा खांदा सोलून निघाला होता, रात्री आईनं मोहाचं तेल लावलं. एवढा मोठा गोटा दोन डोंगर ओलांडून आणला तो अर्ध्या दिवसात. जेवढा माणूस मोठा तेवढे खांदे जास्त, तेवढा गोटा मोठा.

नागपूरकडची रिंगणं आमच्याच लोकांनी केली असं मी म्हणत नाही, मधे अडीच हजार वर्षं गेली, ते अभ्यासवाल्यांनी सांगावं. पण जेव्हा कोणी व्हिडिओत म्हणतो की हे साध्या माणसांना शक्य नाही, तेव्हा मला माझ्या काकाचा खांदा आठवतो आणि खूप राग येतो. साधी माणसं म्हणजे कोण? आम्हीच ना?

---

शोधयात्री (अकोला)

इंद्रावती ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. हा विचार मी केला नव्हता. मी नेहमी विचार करत होतो की आपले पूर्वज किती मोठे होते हे सिद्ध करायचं आहे, आणि त्या नादात गोटा उचलणारे हात दुसऱ्याचेच धरून चाललो होतो.

समुद्राखाली अजून पुष्कळ भेटेल हे माझं मत मी सोडत नाही. पण लोणारच्या बॉम्बचं मी मागं घेतो. खापराचा तुकडा ताई, तो काचेचा मुद्दा मला माहीत नव्हता. पुढच्या वेळी गेलो की खडक पाहीन, उचलणार नाही.

मुरमाड भाऊ, तुमच्या बाबांना माझ्याकडूनही विनंती सांगा.

---

धुरा_तंटा (भिवापूर)

वावर जाते का ह्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून लिहितो, तहसीलच्या कामात आयुष्य गेलं माझं.

नुसतं कळवलं म्हणून वावर जात नाही. सातबारा तुमचाच राहते. एखादी जागा केंद्राचं संरक्षित स्मारक म्हणून रीतसर जाहीर झाली तर मग 100 मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद अन् त्याच्यापुढं आणखी 200 मीटरपर्यंत बांधकामाले परवानगी लागते, पण ते जाहीर होणं म्हणजे अधिसूचना, हरकती, सगळं लांबचं काम हाये, अन् सगळीच वर्तुळं काही तशी जाहीर झाली नाहीत. पेरणीले त्याचा काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट, जमिनीत पुरलेलं किमती काही सापडलं तर कलेक्टरले कळवायचं, हा 1878 चा निखात निधीचा कायदा हाये, त्यात दहा रुपयाच्या वरचं म्हटलं हाये, म्हणजे जवळपास सगळंच आलं. लपवलं तर तुम्ही अडकता. कळवलं तर नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आता गावात बोभाटा झाला असन तर रात्री लक्ष ठेवा. आमच्या इकडं एका रिंगणाच्या मधात अमावस्येले कोणी तरी पुरुषभर खड्डा करून गेलं, काठावर लिंबं, कुंकू, फुटलेला नारळ. गुप्तधन पाहाले आले होते. धन कुठलं, मडकी फोडली अन् हाडं उकरून बाजूले फेकली. सकाळी मी गेलो तर एक लहानसं हाड, बोटाचं असन, मातीवर पडलं होतं, पांढरं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी असले प्रकार करणं गुन्हा हाये, पोलीस पाटलाले आधीच सांगून ठेवा.

पुरातत्त्वचं राज्याचं ऑफिस बी नागपूरले हाये अन् केंद्राचं बी. अर्ज साध्या कागदावर द्या, गट नंबर टाका, फोटो लावा, पोच घ्या. पोच घेतल्याबिगर परतू नका.

---

मुरमाड_वावर (तालुका कुही)

सगळ्याइले हात जोडून नमस्कार. इतके लोक लिहितील असं वाटलं नव्हतं.

काल बाबाले सगळं वाचून दाखवलं. आधी ते काही बोलले नाहीत, बैलाले पाणी पाजत राहिले. ज्वारीचं कणीस सरांचं झालं, खापरावाल्या ताईचं झालं. मग भामरागडच्या ताईचं वाचलं, खांद्याचं, तवा बाबा म्हणाले, थांब, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग म्हणाले का आपल्या विहिरीच्या वक्ती तुझ्या आजानं अन् पाच माणसाइनं असाच गोटा सबलीनं अन् बाभळीच्या ओंडक्यावरून काढला होता, तो अजून मोटेच्या थाऱ्याजवळ पडला हाये. मले हे माहीतच नव्हतं, त्या गोट्यावर मी हजार वेळा चप्पल घासली हाये.

सकाळी दोघं टेकाडावर गेलो. दोरी घेऊन मोजलं, ह्या काठापासून त्या काठापर्यंत चौतीस हात भरलं. गोटे वर दिसणारे एकोणतीस, अन् तीन ठिकाणी जागा रिकामी हाये, तिथले गोटे मागं धुऱ्यावर घातले असतील असं बाबा म्हणते. वाट्यावाल्या गोट्यावर मी पाणी ओतून हातानं माती काढली, आधी सात दिसत होत्या, आता अकरा हायेत, दोन लायनी. आतमधी कुठं खोदलं नाही, ताई काळजी करू नका. लोखंडाचा तुकडा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. बाबानं जागा दाखवली, रिंगणाच्या आतच, पूर्वेच्या बाजूनं, तिथं मी खुंटी ठोकली नाही, कागदावर पावलं मोजून लिहिली.

मुरूमवाल्याले बाबानंच फोन केला. तो म्हणे बाजूचं तरी काढू द्या, रिंगण सोडून. बाबा म्हणाले सध्या नको. सध्या म्हणाले, कायमचं नाही म्हणाले, ते मी तुमाले खरं सांगतो, पैशाची अडचण हायेच. पण टेकाडावर जवस नाही तर कुळीथ टाकून पाहू, वरवर, नांगर न लावता, असं त्यायनंच काढलं.

पोलीस पाटील आमच्याच भावकीतले हायेत, त्याइले सांगितलं. अर्ज लिहिला हाये, सोमवारी नागपूरले जातो, पोच घेतल्याशिवाय येणार नाही.

खापराचा तुकडा ताई, एक विचारायचं राहिलं. रुई मुळासकट उपटली तर आतली माती हालन का? का विळ्यानं वरूनच कापू? अन् शेजारच्या काकाच्या धुऱ्यावर पळसाच्या खाली आज अजून सहा गोटे दिसले, अर्धगोल. काका म्हणते त्यायच्या वावरातबी एक असन. फोटो टाकू का?

---

खापराचा_तुकडा (नागपूर)

वरूनच कापा, मुळाला हात लावू नका, मुळं भांडी धरून बसलेली असतात.

फोटो टाका, प्रत्येक फोटोत एक वीतभर काठी ठेवा म्हणजे माप कळते, आणि उत्तर दिशा कुठं ते सांगा. चौतीस हात म्हणजे पंधरा मीटरच्या आसपास झालं, विदर्भात अशी असतात. वाट्या अकरा की बारा ते सकाळी सातच्या तिरप्या उन्हात परत पाहा, सावलीत उथळ वाटी दिसते, दुपारी दिसत नाही. पुन्हा कधी नागपूरला आलात तर अजब बंगल्यात जाऊन या, 1863 चं संग्रहालय आहे. बाबांना पण न्या.